संत्र्याची साल, ओझोन आणि फिश टँक: हवेत नवे कण तयार होताना पाहण्याच्या नोंदी

काम असं: झाडांच्या सुगंधी वाफा आणि ओझोन एकत्र आले की स्वच्छ हवेत काही नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) नवे कण जन्मतात आणि वाढतात. हे घरी करून बघायचं आणि वाढीचा वेग अंदाजे तरी मोजायचा. विकतचे कणमोजणी यंत्र काही लाखांचं, म्हणून स्कॉटिश शास्त्रज्ञ जॉन एटकिननं १८८८ च्या सुमारास वापरलेली युक्ती घेतली. ओली हवा दाबाखाली ठेवायची, दाब झटकन सोडायचा, हवा गार होते, प्रत्येक कणावर पाण्याचा थेंब धरतो आणि थेंब डोळ्यांना दिसतो. ठिकाण पुणे, म्हणजे हवेचा दाब सुमारे ९५० हेक्टोपास्कल. दुसऱ्या उंचीवर खालचे आकडे थोडे सरकतील.

२ फेब्रुवारी: टाकी

काचवाल्याकडून ६० × ३० × ३० सेंमीची टाकी करून घेतली, वर अखंड काचेचं झाकण. आतली जागा ५४ लिटर. प्लास्टिकचा ड्रम निम्म्या पैशांत मिळाला असता, पण प्लास्टिक वाफा शोषतं आणि पुढच्या प्रयोगात परत सोडतं. सांध्यांचं सिलिकॉन व्हिनेगरसारखा वास मारतं. तो पूर्ण जाईपर्यंत टाकीला हात लावायचा नाही, आठवडा धरा.

झाकणाला आधी दाराला लावायची फोमची पट्टी लावली होती. ओझोनपुढे ती टिकणार नाही हे लक्षात आल्यावर काढली आणि झाकण टेफ्लॉन टेपच्या तीन थरांवर टेकवलं, वर चार विटा. हवाबंद असं काही होत नाही. त्याची गरजही नाही, कारण गाळलेली हवा सतत आत ढकलत राहिलं की गळती आतून बाहेर होते.

९ फेब्रुवारी: गाळणी

व्हॅक्युम क्लीनरचं हेपा काडतूस ६५० रुपयांना आणलं आणि वाया गेलं. त्याच्या कडा पाइपात नीट बसत नाहीत, हवा बाजूनं निसटते आणि गाळणी असून नसल्यासारखी. शेवटी एटकिनच्याच काळातला उपाय: एक इंची पीव्हीसी पाइपाचा २५ सेंमी तुकडा, त्यात औषधाच्या दुकानातला कापूस. कापूस एकदम कोंबला तर भिंतीलगत वाट राहते. छोटे गोळे करून एकेक दांड्यानं ठासत गेलं तर राहत नाही. असे दोन पाइप एकामागे एक जोडले, मध्ये फिश टँकच्या गाळणीत घालतात तो कोळसा. हवेला आधी पहिला कापूस, मग कोळसा, मग दुसरा कापूस लागतो. कोळशाची पूड उडते, म्हणून शेवटी कापूस हवाच. पंप नेहमी गाळणीच्या अलीकडे, कारण पंपाचा रबरी पडदा स्वतः कण आणि वास सोडतो.

फिश टँकचा पंप मिनिटाला ३ लिटर देतो. ५४ लिटरच्या टाकीतली हवा मिसळत मिसळत बदलते, म्हणून कण दर १८ मिनिटांनी सुमारे एक तृतीयांश उरतात. शहरातल्या घरात घनसेंटिमीटरला दहा हजार कण सहज असतात. ते एकावर आणायला पावणेतीन तास लागतात. पहिल्या दिवशी तासाभरात पंप बंद केला होता, त्या दिवसाचं सगळं काम फुकट गेलं.

११ फेब्रुवारी: मोजणीची बाटली

आधी रुंद तोंडाची प्लास्टिकची बरणी घेतली, कारण झाकणात जोडण्या बसवायला सोपं जातं. दाब दिल्यावर झाकणाच्या आट्यांतून हवा फुसफुसते. बरणी बाद. मग कोल्ड्रिंकची सव्वादोन लिटरची बाटली. ती याच्या कितीतरी पट दाब सोसते. काचेची बाटली मात्र या कामाला वापरू नका.

जोडण्या तीन. झाकणाला १५ मिमीचं भोक आणि वरून एपॉक्सीनं चिकटवलेला अर्धा इंची निपल, त्यावर बॉल व्हॉल्व्ह. खांद्याला सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह. हा आतून बाहेर यावा लागतो, म्हणून सुतळीवर ओवून तोंडातून आत सोडायचा आणि भोकातून बाहेर ओढून नट कसायचा. त्याच्या शेजारी फिश टँकची बारीक नळी, तिला दोन फाटे: एक गाळलेल्या हवेचा आणि नमुन्याचा, दुसरा दाबमापकाचा. आत अर्ध्या भिंतीला ओला टिपकागद, बाहेरून मागे काळं कापड.

पहिल्यांदा दाब सायकलच्या व्हॉल्व्हमधूनच सोडला. ते भोक तीनेक मिलिमीटरचं, हवा निघायला जवळपास सेकंद लागतो, तेवढ्यात भिंतीची उष्णता आत येते आणि धुकं धरतच नाही. बॉल व्हॉल्व्हचा दांडा एका झटक्यात फिरवला की काम सेकंदाच्या दहाव्या भागात उरकतं. याच एका कारणानं अर्धा इंची व्हॉल्व्हचे पैसे वाचवू नयेत.

१३ आणि १४ फेब्रुवारी: गाळलेल्या हवेतही थेंब

बाटलीत फक्त गाळलेली हवा, तरी दर वेळी विरळ थेंब. दोन दिवस कापूस बदलण्यात आणि सांधे पुन्हा चिकटवण्यात गेले. गाळणी निर्दोष होती, चूक दाबात होती. सायकल पंपाच्या काट्यावर ५ पीएसआयच्या खाली नीट वाचता येत नाही, म्हणून ५ वर थांबायचं ठरलं होतं. ५ पीएसआय म्हणजे ३४५ हेक्टोपास्कल. इथल्या हवेच्या दाबावर यातून हवा सुमारे १.२५ पट प्रसरण पावते, आणि बरोबर याच मर्यादेला हवेतल्या आयनांवर (विद्युतभार असलेल्या रेणूंवर) थेंब धरू लागतात. भौतिकशास्त्रज्ञ सी. टी. आर. विल्सननं १८९७ मध्ये हे दाखवलं होतं. म्हणजे बाटली कण नव्हे, आयन दाखवत होती. दाब निम्मा केल्यावर थेंब नाहीसे.

१५ फेब्रुवारी: दाबमापक

गवंडी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाइप, यू आकारात फळीवर, प्रत्येक बाजू सव्वादोन मीटर. पाण्यात शाईचे चार थेंब. दोन पातळ्यांमधलं अंतर १०० सेंमी म्हणजे ९८ हेक्टोपास्कल. यापुढे दाब ‘सेंमी पाणी’ असाच लिहिला आहे.

पहिल्याच सोडणीत पाण्याचा खांब उसळून बाटलीत शिरला, टिपकागद निळा झाला. दाब सोडण्याआधी मापकाच्या नळीला चिमटा लावायचा, हा क्रम कागदावर लिहून बाटलीवर चिकटवला. तरी दोनदा विसर पडलाच.

आता या सगळ्याचं खरं फळ. दाब जितका कमी, तितकी हवा कमी गार होते आणि तितके मोठे कणच थेंब धरू शकतात. २५ अंशांवर हिशेब असा येतो: २०० सेंमीला ३ नॅनोमीटरपासूनचे कण दिसतात, १०० सेंमीला ५ पासूनचे, ५० सेंमीला १० पासूनचे आणि २० सेंमीला २५ पासूनचे. म्हणजे दाब हीच चाळणी. कण पाण्याला सहज धरणारे आहेत असं यात गृहीत आहे. सालीच्या वाफेचे कण तसे पूर्णपणे नसतात, त्यामुळे खरा आकार याहून थोडा मोठा धरावा.

१६ फेब्रुवारी: मोजायचं कसं

हिरवा लेसर पॉइंटर बाटलीतून आडवा, फोन काटकोनात, पाठीमागे काळं कापड. स्वस्त पॉइंटरची ताकद वेष्टणावर लिहिल्यापेक्षा जास्त असू शकते, आणि बाटलीच्या गोल भिंतीवरून किरण कुठेही परततो. किरण जिथे संपतो तिथे काळा पुठ्ठा हवाच, आणि डोळा कधीही त्या पातळीत नको.

किरण २ मिमी जाड, फोनमध्ये त्याची १ सेंमी लांबी मोजतो, म्हणजे ०.०३ घनसेंटिमीटर. त्यात दीडशेच्या वर ठिपके झाले की ते एकमेकांत मिसळतात. टाकीतली हवा थेट घेतली तर पांढरं धुकं दिसतं आणि मोजता काहीच येत नाही. म्हणून ५० मिलीच्या सिरिंजनं नमुना काढून गाळलेल्या हवेनं भरलेल्या बाटलीत सोडायचा. विरलीकरण ४५ पट.

क्रम: बाटली गाळलेल्या हवेनं ४ मिनिटं धुणे, नमुना सोडणे, अर्धा मिनिट थांबणे (हवा ओली व्हायला), दुसऱ्या कापसाच्या गाळणीतून सायकल पंपानं दाब देणे, २० सेकंद थांबणे (दाबल्यानं तापलेली हवा निवायला), चिमटा, व्हिडिओ सुरू, व्हॉल्व्ह. एका बाटलीला साडेपाच मिनिटं लागतात. कणांची वाढ एवढं थांबत नाही, म्हणून दुसरी बाटली आणि दुसरा पंप. दोघींत मिळून दर ३ मिनिटांनी एक मोजणी.

टाकी ते सिरिंज नळी १० सेंमीच्या आत ठेवा. आधी मीटरभर होती. ३ नॅनोमीटरचे कण इतके चपळ असतात की मिनिटाला लिटरभर प्रवाहात मीटरभर नळीत निम्मे भिंतीला चिकटून संपतात. १० नॅनोमीटरचे जेमतेम दहा टक्के जातात. नळी लांब असली की सगळ्यात नवजात कणच गायब होतात, आणि आपण म्हणतो की कण तयारच झाले नाहीत.

१८ फेब्रुवारी: ओझोन

भाज्या धुण्यासाठी मिळणारं, तासाला ४०० मिलिग्रॅमचं यंत्र. त्यावरचा आकडा खरा मानला तर ते टाकीला थेट जोडून एक सेकंद चालवलं तरी टाकीत १ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत एक भाग) होतं. या कामाला हे फारच झालं. शिवाय ठिणगीतून नायट्रोजनचे ऑक्साइडही येतात. यंत्र बाल्कनीत चालवायचं, मिनिटाला २ लिटर हवा त्यातून सोडायची आणि बाहेर येणाऱ्या धारेतून सिरिंजनं घ्यायचं. त्या धारेत ओझोन सुमारे १७०० पीपीएम, म्हणजे १० मिली टाकीत सोडले की ०.३ पीपीएम. धारेजवळ नाक नको. कामाच्या जागी ओझोनची मर्यादा ०.१ पीपीएम धरतात, खोलीत तीव्र वास आला की खिडक्या उघडून बाहेर जा.

सिरिंज काचेची हवी. प्लास्टिकच्या सिरिंजच्या दट्ट्याला रबर असतं, ओझोन त्यावरच खर्च होतो. तीन प्रयोग काहीच न घडता गेले, त्याचं कारण हे. दट्ट्यावर आलेल्या बारीक चिरांनी पुरावाही दिला.

२० फेब्रुवारी: साल पिळू नका

नागपुरी संत्र्याच्या सालीच्या तेलात बहुतांश लिमोनीन हे सुगंधी द्रव्य असतं. पहिल्यांदा झाकण सरकवून साल टाकीत पिळली. धुकं अप्रतिम! पण ओझोन न घालताही तेवढंच. साल पिळताना तेलाचे तुषार उडतात, ते कण आपण स्वतः टाकलेले, हवेत जन्मलेले नव्हेत. शाळेतल्या प्रात्यक्षिकांत हीच गल्लत होत असणार अशी शंका आहे.

उपाय: साली बारीक चिरून काचेच्या बंद बाटलीत तासभर ठेवायच्या आणि फक्त वरची हवा सिरिंजनं, सुईला कापसाचा बोळा लावून घ्यायची. लिमोनीनची वाफ २५ अंशांना पूर्ण भरली तर २००० पीपीएमच्या आसपास असते. १० मिलीतून टाकीत ०.३७ पीपीएम. सालीची बाटली रोज नवी.

२२ फेब्रुवारी: कण झाले, पण फार लवकर

ओझोन १० मिली, वाफ १० मिली, आत संगणकातला ४० मिमी पंखा अर्धा मिनिट. तिसऱ्या मिनिटाला पहिली मोजणी, तीही २० सेंमीला: ठिपक्यांची गर्दी. म्हणजे जन्म आणि वाढ दोन्ही आपल्या पाठीमागे उरकून कण २५ नॅनोमीटरच्या पुढे गेलेले. पंखा चालू ठेवून पाहिला तर संख्या भराभर घसरली. तो कणांना भिंतीवर नेऊन चिकटवतो. पंखा फक्त मिसळण्यापुरता.

दोन्ही वायू वीस पट कमी करायचे ठरवलं. प्रक्रियेचा वेग दोघांच्या गुणाकारावर चालतो, म्हणून तो चारशे पट उतरतो. अर्धा मिली मोठ्या सिरिंजवर मोजणं अशक्य. ५० मिलीच्या सिरिंजमध्ये ५ मिली वायू, वर ४५ मिली गाळलेली हवा, आणि त्यातले ५ मिली टाकीत.

२४ फेब्रुवारी: कोरा प्रयोग नापास

फक्त ओझोन, वाफ नाही. तरीही २०० सेंमीला थेंब. आदल्या प्रयोगाचं तेल काचेवर आणि सिलिकॉनवर बसलेलं, ओझोन मिळताच तेच कण घडवत होतं. यावर एकच उपाय चालला: काम संपल्यावर टाकीत भरपूर ओझोन (दोन-तीन सेकंद थेट, बाल्कनीत) भरून रात्रभर ठेवणे आणि सकाळी तीन तास धुणे. त्यामुळे दिवसाला एकच प्रयोग होतो. आधी कोरा प्रयोग, तो स्वच्छ निघाला तरच खरा, ही सवय लागली तेव्हापासून आकडे जुळू लागले.

शेजारच्या स्वयंपाकघरातला गॅस पेटला की खोलीतली मोजणी उसळते. ज्योतीतून १० नॅनोमीटरखालचे कण भरपूर येतात. टाकी धुवायची वेळ दुपारी.

२६ फेब्रुवारी ते १ मार्च: वाढीचा वेग

तोच प्रयोग चार दिवस, प्रत्येक दिवशी एकच दाब, दर ३ मिनिटांनी मोजणी. स्पष्ट ठिपके पहिल्यांदा दिसले ते असे: २०० सेंमीला ३ मिनिटांनी, १०० ला ६, ५० ला ९ आणि २० ला १५ मिनिटांनी. १० ते २५ नॅनोमीटर हा टप्पा ६ मिनिटांत, म्हणजे मिनिटाला साधारण अडीच. मोजणीच ३ मिनिटांची असल्यानं दीड ते पाच यांतलं काहीही असू शकतं. तासाला धरले तर दीडशे. फिनलंडमधल्या ह्युत्याला इथल्या जंगलात, जिथे १९९६ पासून हे सतत मोजतात, वाढ बहुतेक वेळा तासाला १ ते १० नॅनोमीटर असते. टाकीतली वाफ जंगलातल्यापेक्षा कितीतरी दाट आहे, फरक त्याचाच.

१५ व्या मिनिटाला ४० ठिपके होते, म्हणजे टाकीत घनसेंटिमीटरला सुमारे ५७ हजार कण. मोजणीची खालची मर्यादाही लक्षात ठेवा: एक ठिपका म्हणजे टाकीतले दीड हजार कण. त्याखालचं या साधनाला दिसत नाही.

४ मार्च: उदबत्ती

सगळं तेच, फक्त आधी ५० मिली उदबत्तीचा धूर टाकीत. १५ मिनिटांनी २०० सेंमीला आणि २० सेंमीला ठिपके जवळपास सारखेच. म्हणजे २५ नॅनोमीटरखाली कोणीच नाही. वाफ जुन्या कणांवरच बसली, नव्यांना काही उरलं नाही. पहिल्या दिवशी तासाभरात पंप बंद केल्यावर काही का घडलं नाही, त्याचंही उत्तर हेच. दोन दाबांच्या मोजणीतला फरक म्हणजे लहान कणांची संख्या, ही तपासणी इतकी कामाची निघाली की आता प्रत्येक प्रयोगाच्या शेवटी करतो.

७ मार्च: हिशेब

टाकी १३००, दोन पंप ७००, गाळण्या २४०, कोळसा १५०, ओझोन यंत्र १८५०, काचेच्या सिरिंज ६२०, दोन बॉल व्हॉल्व्ह ५२०, लेव्हल पाइप १२०, लेसर ३५०, पंखा व अडॅप्टर २५०, किरकोळ ४००. एकूण ६५०० रुपये. हेपा काडतूस, बरण्या आणि प्लास्टिकच्या सिरिंज यांत वाया गेलेले ११०० वेगळे. वेळ पाच आठवडे, त्यातला उपयोगी आठवडा-दीड आठवडा.

१० मार्च

बाटल्यांतल्या टिपकागदावर काळी बुरशी. ओला कागद तीन आठवडे तसाच होता. कागद बदलला, पाण्यात चिमूटभर मोरचूद टाकलं. एवढ्यानं वाफेच्या दाबात फरक पडत नाही. यापुढे कागद दर सोमवारी बदलायचा आहे.